खोकल्याची खतावणी

आयुष्यात मी दोनच गोष्टी चिकाटीने मोजल्या: दुसऱ्यांचे पैसे आणि दुसऱ्यांचा खोकला. पहिल्या कामाबद्दल बँकेने मला चौतीस वर्षं पगार दिला. दुसऱ्या कामाबद्दल सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर माझी नोंद झाली. ‘विषय क्र. ७ : बी-तीन यांची वही.’ सहावा विषय पाण्याच्या टाकीच्या गळतीचा होता आणि आठवा भटक्या कुत्र्यांचा, यावरून सोसायटीतलं माझं स्थान ध्यानात यावं.

सुरुवात पुतणीमुळे झाली. ती अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, सार्वजनिक आरोग्याच्या नोंदींचं काम करते. दिवाळीला आली होती. फराळाच्या ताटावर मी काकाने विचारायचा तो प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे नक्की काय करतेस गं?’’ या प्रश्नाला पुढच्या माणसाने दोन वाक्यांत उत्तर द्यावं आणि आपण मान डोलावून चिवडा घ्यावा, अशी रीत आहे. पोरीने सविस्तर सांगायला घेतलं.

‘‘काका, हवा मोजणारं खातं वेगळं आणि आजार मोजणारं वेगळं. दोघांची एकमेकांशी गाठच पडत नव्हती. २००० साली तिकडे एका आयोगाने हे लिहून दाखवलं. २००२मध्ये संसदेने पैसे मंजूर केले आणि सीडीसी या तिकडच्या आरोग्यसंस्थेने राज्याराज्यांतून दोन्ही हिशेब एकत्र मांडायला घेतले. कुठल्या भागात हवा कधी बिघडली आणि तिथे दम्याचे किती लोक इमर्जन्सीत आले, हे शेजारीशेजारी दिसतं. २०२३च्या जूनमध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर आमच्या डोक्यावर आला ना, तेव्हा असल्या नोंदींचं मोल कळलं.’’

‘‘अगं, मग ही तर खतावणी झाली!’’ मी म्हणालो. ‘‘एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला खोकला. ताळा जुळला की झालं.’’

‘‘हो काका, साधारण तसंच. पण...’’

इतक्यात गरम चकल्यांचा घाणा आला. त्या ‘पण’च्या पुढे ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. पुढचं सगळं महाभारत त्या एका घाण्यापायी घडलं.

जाताना तिने मला एक यंत्र भेट दिलं. पांढरं, लाडवाच्या लहान डब्याएवढं. आत चिमुकला पंखा आणि लेझरचा किरण. पंखा हवा ओढतो, कण किरणापुढून जाताना उजेड विखुरतो आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधतं की घनमीटरभर हवेत अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण किती मायक्रोग्रॅम आहेत. म्हणजे पीएम २.५. माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण खांद्याला खांदा लावून बसतील. माझ्या डोक्याकडे बघून ही उपमा कुणाला पटत नसे, म्हणून मी ती हिच्या वेणीकडे बोट करून सांगत असे.

यंत्र ‘अंदाज’ बांधतं, हे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं. पण मी बँकेतला माणूस. आकडा पडद्यावर उमटला की तो शिल्लक आकडा.

पहिल्या दिवशी दिवाणखान्यात ३८ आला. स्वयंपाकघरात ठेवलं, तिथे नेमकी मिरचीची फोडणी पडली आणि आकडा ४१२वर गेला. मी ओरडत बाहेर आलो.

‘‘चौतीस वर्षं डबा नेलात,’’ ही म्हणाली, ‘‘तेव्हा नाही कधी मोजलीत फोडणी.’’

लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर ते ९९९वर जाऊन अडकलं. त्याला पुढे मोजताच येत नव्हतं, पण मला वाटलं शहराचीच हद्द झाली. त्या रात्री मी निश्चय केला. विस्कॉन्सिन राज्य अशा नोंदी ठेवतं, तर बी विंगने का ठेवू नयेत?

यंत्र गॅलरीच्या कठड्याला टांगलं. आम्ही पहिल्या मजल्यावर, खाली पार्किंग. अप्पा बळवंत चौकातून लाल पाठीची जाड वही आणली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, फ्लॅट, खोकल्याचा प्रकार, यंत्राचा आकडा, शेरा. प्रकार तीन: कोरडा, ओला आणि ढास. नुसत्या खाकरण्याचं काय करायचं हा प्रश्न होता. बँकेत ज्या रकमेचा अर्थ लागत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. मीही शेवटच्या पानांवर सस्पेन्स खातं उघडलं आणि सगळं खाकरणं तिकडे ढकललं. त्या खात्याकडे आयुष्यात कुणी पुन्हा बघत नाही, हा बँकेतलाच अनुभव.

रोज संध्याकाळी सात वाजता मी वही घेऊन पाचही मजले फिरू लागलो. दार वाजवायचं, ‘‘आज कुणी खोकलं का?’’ विचारायचं, ऐकू आला तो खोकला लिहायचा. पहिल्या आठवड्यात लोकांनी पाणी विचारलं, दुसऱ्या आठवड्यात काम विचारलं. तिसऱ्या आठवड्यात दार अर्धंच उघडायला लागलं. बी-अकराच्या सूनबाईंनी तर एकदा आतूनच सांगितलं, ‘‘काका, आम्ही निरोगी आहोत, पुढे व्हा.’’

हवेच्या बाबतीत माझा पहिला मोठा शोध म्हणजे अपहार. एका सकाळी मोबाइलवरच्या परदेशी अॅपमध्ये आमच्या भागाची हवा १५४ दिसली, लाल रंगात, आरोग्याला घातक. त्याच वेळी सरकारी आकडा होता १००, हिरवट रंगात, ‘समाधानकारक’. म्हणजे ५४ गेले कुठे? ५४ रुपयांची तूट निघाली तर आम्ही रात्री नऊपर्यंत शाखेत बसत होतो. मी ताबडतोब पत्र लिहिलं. विषय: हवेच्या हिशेबातील ५४ची तफावत. संबंधित अधिकाऱ्याने खुलासा करावा, अन्यथा वरिष्ठांकडे दाद मागण्यात येईल, वगैरे. हे वाक्य मी कर्जदारांना इतक्यांदा लिहिलंय की हात आपोआप चालतो.

दुसरा पराक्रम टेकडीवरचा. आमच्या भागातले सगळे सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जातात. डिसेंबरातल्या एका पहाटे टेकडीवर धुकं उतरलं होतं. माझ्या हातातलं यंत्र २८० दाखवत होतं. मी तिथल्या हास्यक्लबसमोर उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून म्हणालो, ‘‘थांबा! हसू नका! तोंड मिटा!’’ मंडळी क्षणभर थांबली. मग एका आजोबांनी माझ्या यंत्राकडे पाहिलं, धुक्याकडे पाहिलं, आणि असे हसले की क्लबच्या इतिहासात तसं हसणं झालं नसेल. हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याच्या थेंबांनाही लेझर धूळच समजतो, आणि असलं स्वस्तातलं यंत्र भलताच आकडा सांगतं, हे मला नंतर कळलं. आजोबा भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक निघाले, हे त्याच दिवशी कळलं.

हिवाळ्यात सकाळची हवा खरोखरच वाईट असते, हे मात्र खोटं नव्हे. रात्री जमीन गार पडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर पातेल्यात कोंडल्यासारखा राहतो. म्हणूनच माझ्या तिसऱ्या शोधावर माझा इतका विश्वास बसला.

रोज सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी यंत्राचा आकडा एकदम उडी मारायचा, ६०-७०वरून थेट ३००च्या पुढे. पाच-सात मिनिटांत परत खाली. सोमवार सोडून रोज. कोथरुडात हल्ली दर दोन इमारतींमागे एक पाडलेली असते. आमच्या शेजारीही पुनर्विकास चालू होता. हिरवी जाळी, खडीचे ढीग, मिक्सर. मला दुसरं कारण दिसेचना. सोमवारी मजुरांची सुट्टी असणार, असं मी ठरवून टाकलं. चौकशी करायची गरज वाटली नाही, कारण आलेखात सगळं स्वच्छ दिसत होतं. मुंबईत २०२३च्या ऑक्टोबरात हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने एक एकरावरच्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितले, ही बातमी मी कापून ठेवली होती. ती घेऊन मी साइटवर गेलो आणि मुकादमाला म्हणालो, ‘‘पस्तीस फूट!’’ त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि मला फ्लॅट घ्यायचाय असं समजून पस्तिसाव्या फुटावर कुठला मजला येतो ते सांगितलं.

शेवटी वही, आलेख आणि कात्रणं पिशवीत घालून मी एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे तिशीतला एक इंजिनिअर होता. त्याने माझं ५४च्या तफावतीचं पत्र फाइलमधून काढलं. मला वाटलं, घाबरला. पण ते त्याला फार आवडलेलं दिसत होतं.

‘‘काका, तफावत नाहीये,’’ तो म्हणाला. ‘‘पीएम २.५ साठ मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या पट्टीवर एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक, १०० येतो. तीच हवा अमेरिकेच्या पट्टीवर १५४ होते. पट्टी बदलते, हवा तीच. आपली चोवीस तासांची मर्यादाच साठ आहे, २००९पासून. जागतिक आरोग्य संघटना २०२१पासून पंधरा म्हणते.’’

म्हणजे एकच हवा इथे पास आणि तिकडे नापास. माझ्या मॅट्रिकच्या गणितासारखं. मी विचारलं, ‘‘मग खरं काय?’’ तो म्हणाला, ‘‘साठ मायक्रोग्रॅम.’’ हे उत्तर मला त्या वेळी उद्धट वाटलं. आता विचार केला की तेवढंच एक उत्तर बरोबर होतं असं वाटतं. सरकारी पट्टी आपल्याला सोयीची आहे आणि ‘समाधानकारक’ हा शब्द फार सैल हाताने वापरलाय, हे माझं मत मात्र कायम आहे.

तो मला गच्चीवर घेऊन गेला. तिथे एका खोलीत वातानुकूलित थंडाव्यात यंत्र बसलं होतं, छतातून वर नळी गेलेली. आत कागदासारखी फीत, जुन्या कॅसेटमधल्यासारखी. नळीतून हवा येते, ती आधी गरम करून कोरडी करतात (टेकडी आठवून मी खाली मान घातली), मग फितीवर तासाभराच्या धुळीचा एक गोल ठिपका बसतो. त्या ठिपक्याच्या एका बाजूने बीटा किरण सोडायचे आणि पलीकडे किती पोचले ते मोजायचं. जेवढे अडले तेवढी धूळ. मग फीत एक घर पुढे. त्याने वापरलेली फीत दाखवली. ओळीने करडे ठिपके, काही फिके, काही चांगलेच गडद. प्रत्येक ठिपका म्हणजे शहराचा एक तास. मी तोंडात मारल्यासारखा गप्प झालो. मी तीन महिने फोडणी आणि धुकं मोजत होतो आणि इथे कुणी न ओरडता दर तासाला एक ठिपका जमा करत होतं. ‘‘अजून काही ठिकाणी हातानेही मोजतात,’’ तो म्हणाला. ‘‘गाळणकागद आधी वजन करायचा, हवा ओढायची, पुन्हा वजन करायचं. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४.’’ दिवसाअखेर वजन करून ताळा करणं! मला त्या अनोळखी माणसांबद्दल बंधुभाव वाटला.

‘‘आणि खोकला?’’ मी विचारलं. ‘‘तो कोण मोजतं?’’

तेही सुरू झालंय, तो म्हणाला. हवामान बदल आणि आरोग्य यांचा एक राष्ट्रीय कार्यक्रम २०१९पासून आहे. त्यात निवडक रुग्णालयांत श्वासाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रोजची संख्या नोंदवतात आणि त्या दिवसाच्या हवेशी ताडून बघतात. मग त्याने माझी वही मागितली.

त्याने ती खरोखर वाचली. एवढ्या काळात वही वाचणारा तो पहिला माणूस. आलेखावर पेन टेकवून म्हणाला, ‘‘काका, हे ८:१०. बांधकाम असतं तर दिवसभर दिसलं असतं. पाच मिनिटांत संपलं नसतं. तुमच्या गॅलरीखाली काय आहे?’’

‘‘पार्किंग.’’

‘‘८:१०ला तिथून कोण निघतं?’’

मी आठवू लागलो. ८:१०ला... ८:१०ला मी वाचनालयात पेपर वाचायला निघतो. सोमवारी वाचनालय बंद असतं.

‘‘कशाने जाता?’’

माझी चेतक १९८७ची आहे. टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल घालावं लागतं. सकाळी थंडीत ती लगेच धरत नाही, म्हणून मी तिला आधी तिरकी करतो, मग दहा-बारा किका मारतो, मग ती पांढरा लोट सोडत गुरगुरू लागते, आणि पूर्ण तापेपर्यंत मी तिला तशीच चालू ठेवतो. माझ्याच गॅलरीखाली. माझ्याच यंत्राखाली. देशातल्या गाड्यांचा धूर जिथे तपासतात ती एआरएआय माझ्या घरामागच्या टेकडीवर आहे. मी तिथे रोज फिरायला जात होतो, मोफत शुद्ध हवेसाठी.

इंजिनिअर हसला नाही. त्याने हसायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

लाज झाकायला मी माझा सर्वांत मोठा शोध पुढे केला. ‘‘पण हे बघा, सस्पेन्स खातं. खाकरण्याची लाट खालून वर जाते. पहिला मजला सात वाजता, दुसरा सात-एक, तिसरा सात-दोन. प्रदूषण जिन्याने वर चढतंय. मिनिटाला एक मजला. मागे लग्नाला तीन दिवस साताऱ्याला गेलो, वही वॉचमनकडे दिली होती. यंत्र तर १४० दाखवत होतं आणि त्याने लिहिलंय शून्य! कामचुकार.’’

‘‘मिनिटाला एक मजला?’’ तो म्हणाला. ‘‘वारा असा चढत नाही, काका. माणूस चढतो.’’

चेतक तिथेच लावून मी बसने घरी आलो. संध्याकाळी वही उघडून बसलो. सस्पेन्स खातं पहिल्यांदाच नीट वाचलं. रोज सात वाजता पहिली नोंद एकच: ‘बी-तीन. सौ. खाकरणे.’ मग बी-चार. मग बी-सात. मग बी-अकरा. मी चपला पायात सरकवल्या की ही खाकरायची, त्यावर समोरच्या वहिनी, त्यावर वरचे, आणि मी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पाचव्या मजल्यापर्यंत वर्दी गेलेली असायची: वहीवाले निघाले. मला बिचारीची काळजी वाटून मी तिला महिनाभर आडुळशाचा काढा दिला होता. गॅलरीतला मनीप्लांट इतका का वाळला, तेही त्याच संध्याकाळी कळलं.

‘‘अहो, तसं काही नव्हतं,’’ ही म्हणाली. ‘‘लोकांना टीव्ही बंद करायला वेळ लागतो. एवढंच.’’

मी लाल पेन्सिल घेतली आणि बँकेत रद्द व्हाउचरवर मारतात तशी तिरपी रेघ मारत सुटलो. खाकरणं गेलं. मला घालवायला मुद्दाम काढलेल्या ढासा गेल्या. मी दार वाजवताच सुरू होणारे मुलांचे खोकले गेले. सहाशे नोंदींतून उरल्या अकरा. अकराही बी-एकोणीसच्या. पाचव्या मजल्यावरच्या आजी, एकट्या राहतात. त्या वर्दीत कधी नव्हत्याच, त्यांना ऐकू कमी येतं. त्यांच्यापुढे मी दरवेळी ‘ओला’ लिहून, शेऱ्यात ‘वय’ लिहून पुढे गेलो होतो.

रात्री पुतणीला फोन लावला. सगळं सांगितलं, चेतक वगळून. तिने आधी मनसोक्त हसून घेतलं.

‘‘काका, तेच तर मी सांगत होते तेव्हा. लोकांना विचारत दारोदार जायचं नसतं. विचारणाऱ्याला बघून उत्तर बदलतं. नोंदी दवाखान्यातून येतात, नावं काढून.’’

‘‘आणि या अकरा?’’

‘‘अकरा नोंदींवरून हवेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पण...’’

या वेळी मी फोन कानाला घट्ट धरला. घरात चकल्या नव्हत्या.

‘‘...पण त्यांना उद्या डॉक्टरकडे घेऊन जा.’’

सकाळी खाली सीएनजीची रिक्षा उभी करून मी पाच मजले चढलो. वही घरी ठेवली होती. बी-एकोणीसच्या दाराशी पोचण्याआधी, शेवटच्या वळणावर, आजींना ऐकू जावं म्हणून मी चांगलं मोठ्याने खाकरलो. खालच्या चारही मजल्यांवरचे टीव्ही एकामागोमाग बंद झाले.